कोणता गुडघा?

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. खरोखर घालायचा म्हटला तर सध्या पुरतं वाकता येत नाही, म्हणून कागदावरचाच गोड मानून घे. घाबरू नकोस. जिन्यावरून गिऱ्हाइकाचं कपाट चढवताना पाठीत उसण भरली, एवढंच. मालकांनी आठवडाभर दुकानात बसून फोन घ्यायचं काम दिलंय. जेवण वेळेवर होतं. पप्पांचा खोकला थांबला का?

आता खरं सांगतो. आमच्या दुकानाचा ड्रायव्हर मला एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे घेऊन गेला. हो, तेच. तू गुडघ्यासाठी जायचीस, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "टोचूनच घ्यायचंय तर गुडघा शिलाई मशीनखाली धर!" सगळे खो खो हसले. तू पुन्हा गेली नाहीस.

तीन खेपांनंतर काल मोजे माझे मी घातले. गुण सुयांचा की विश्रांतीचा, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छातीठोक नाही सांगता येणार. काहींना बरं वाटतं, काहींना नाही." तुला वाटत होतं का, हे मी कधी विचारलंच नाही.

मग त्यांना तुझ्या दुखण्याचं सांगायला लागलो, तर त्यांनी विचारलं, "कोणता गुडघा?" पाठीत सुया घेऊन पालथा पडलो होतो, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं तेच बरं. मला सांगता आलं नाही.

ताईला फोन करून विचारणार होतो, पण लाज वाटली. तूच कळव. डावा की उजवा?

तुझा,
धाकटा