वर्ग आला आमच्या घरी

सोमवार, ४ तारीख

सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर ती चष्मेवाली! पाचचा वायदा होता, ही त्याआधीच बेलवर बोट ठेवून उभी. मी अजून केस बांधत होते. दारातच म्हणते, "आजी, आम्ही तुमच्या नातीला आपलंसं करायला आलोय." पाठ करून आलेली. अगं, आपलंसं करायला ती काय रस्त्यात सापडली का?

मग बाकीची पोरं आली, मागून वर्गाच्या बाई. शाळेची ही नवी टूम. वर्गात नवीन मूल आलं की सुरुवातीलाच पाच-सहा पोरं बाईंसकट त्याच्या घरी जातात, गोल बसून खेळ खेळतात. म्हणजे म्हणे त्याला एकटं वाटत नाही. आमच्या वेळी मागच्या बाकावर बसवायचे, संपलं. चौथीपर्यंत मी तिथंच होते, काही बिघडलं नाही. असो.

खेळ काय, तर एक लाल उशी. उशी ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या फेरीत प्रत्येकानं खारूबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. (खारू म्हणजे माझी नात. दोन्ही हातांत धरून कुरतडत खाते, म्हणून खारू.) आता शाळा सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत, पोरांना काय ठाऊक! चष्मेवाली म्हणाली, "तिचे केस छान आहेत." पुढचा म्हणाला, "केस छान आहेत." तिसरा तर नुसतं "केस" म्हणून मोकळा! अरे, केस मी विंचरते! तेल मी लावते! कौतुक माझं झालं, तिचं काय?

मग उशी खारूकडे. तिनं स्वतःबद्दल सांगायचं. ती बसली उशीचा कोपरा चोळत. पोरं बघतायत, बाई बघतायत, कोपऱ्यातून आमचे हे बघतायत. छळच की हा! लेकराची मान खाली खाली चाललेली. मला राहवेना. मी घेतली उशी आणि सांगून टाकलं सगळं — आई नर्स आहे, लांब बदली झाली म्हणून ही आमच्याकडे राहते, साय दिसली तर दूध पीत नाही, मांजराला घाबरते, झोपताना माझा अंगठा धरून झोपते. पोरं हसली! माझ्याच घरात बसून, माझाच खाऊ खाऊन हसली!

निघताना बाई गोड आवाजात म्हणाल्या, "येऊ हं परत." या तर खऱ्या, बघते!

मंगळवार, ५

खारू बोलत नाही. काय झालं गं — तर "काही नाही." झोपायला अंगठा पुढे केला तर भिंतीकडे वळली. हे त्या खेळाचंच!

बुधवार, ६

लेकीचा फोन. बाईंनी तिला कळवलंय की पोरगी वर्गात अजून एक शब्द बोललेली नाही. लेक म्हणते, "आई, महिनाभर बघते. नाही रुळली तर माझ्या इथल्या वसतिगृहात ठेवते. निदान सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ असेल."

वसतिगृह! पत्र्याच्या पेट्या नि ओळीनं खाटा! लेकीला म्हटलं, मी मेले का? तर म्हणाली, "आई, तुझ्याबद्दल नाही गं हे."

मग कुणाबद्दल? ती पोर आल्यापासून घरात आवाज आहे. म्हणजे माझाच, पण ऐकायला कुणीतरी आहे ना! आमचे हे तर दिवसभर जुने रेडिओ उघडून बसतात. दाराशी तिचे छोटे बूट दिसले की मला उगीचच हसू येतं. आणि एका उशीपायी ती जाणार? उद्या शाळेत जाते. सोडत नाही त्या बाईंना.

गुरुवार, ७

गेले. बाई फळा पुसत होत्या. मी सुरूच केलं — "पोरांना मोकळं करता की वेठीला धरता?" इतकं छान वाक्य मला कसं सुचलं कोण जाणे! दोनदा म्हटलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, उशी हातात घेऊन कुणी गप्प बसलं तरी चालतं. आम्ही थांबतो. काही मुलांना लागतो वेळ."

"मग थांबायचं होतं!"

"थांबलोच होतो की. तुम्ही उशी घेतलीत."

वर खुर्ची देतात, पाणी विचारतात! उद्धट बाई! पाणी न पिताच आले.

घरी येऊन यांना सांगितलं. हे रेडिओतून मान वर न काढता म्हणतात, "ती तोंड उघडत होती तेव्हा. मला दिसलं."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुझं संपलं कुठं होतं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात बोलले ते हे! आणि तेही बाईंच्या बाजूनं! आमटीत मीठ कमी होतं ते मुद्दाम सांगितलं नाही.

पण खरंच उघडत होती का तोंड? मी शेजारीच होते. मला कसं नाही दिसलं?

शुक्रवार, ८

आज गप्प बसून पाहिलं. दुपारपर्यंत जमलं. मग डोकं दुखायला लागलं. खारूनं कपाळाला हात लावून बघितला — "आजी, तुला बरं नाही का?" मी नुसती मान हलवली. ती शेजारी बसून राहिली. मग आपणहून सांगायला लागली, की चष्मेवालीला पण मांजराची भीती वाटते. मला मांजरांचं किती काय सांगायचं होतं! गिळलं सगळं.

शनिवार, ९

खारूनं दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, पोरं परत येणारेत. मी बोलावलंय."

"तू? तोंडानं?"

"मग कशानं? आणि आजी, तू तेव्हा मावशीआजीकडे जा ना. संध्याकाळी ये."

मला! माझ्याच घरातून! असा संताप आला की तडक लेकीला फोन लावला — तुझ्या पोरीनं मला घराबाहेर काढलं! लेक म्हणाली, "मग हसतेस काय?" मी कुठं हसतेय!

बहिणीला येते म्हणून कळवलंय. उद्या रविवारी सकाळी येणार आहेत सगळी.