सत्तावीस अमेरिकन पदके आणि एक चिठ्ठी

मी, नत्थूजी लक्ष्मणजी निमजे, वय एकसष्ट, धंदा हातमाग विणकाम, राहणार तांडापेठ, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. डोळे अधू झाले, मन ताळ्यावर आहे. दुपारी ते जरा भटकते, पण ती सवय जुनी आहे.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक माझी वहिनी जयवंताबाई हिला पूर्ण मालकीने मिळावी. चुलतभाऊ रुपराव याने हक्क सांगू नये. माझ्या वडिलांच्या तेराव्याला, पंगतीत, त्याने तिला 'टाकलेली' म्हटले. त्याला माझी छत्री द्यावी.

२. माग शेजारी चंपतराव यांना. डावी पावडी पायाखाली अडते. तेल घालत जावे.

३. पदके. याचा खुलासा करणे भाग आहे.

माझा थोरला भाऊ दादाजी १९३३ साली एका व्यापाऱ्याबरोबर अमेरिकेतल्या प्रदर्शनात हातमाग चालवून दाखवायला गेला आणि तिकडेच राहिला. पत्रांऐवजी तो वहिनीला पदके पाठवी. तिथल्या थोर माणसांच्या स्मरणार्थ पाडलेली, काशाची, तळहातात मावणारी: वॉशिंग्टन, फ्रँकलिन, एडिसन. कडेची अक्षरे महादेवराव मास्तर वाचून दाखवीत. मग धोटा फेकता फेकता मी फ्रँकलिनच्या पतंगामागे कुठल्याशा नदीकाठाने चालू लागे. मागाचा आवाज दूर दूर जाई. परत येई तेव्हा वीतभर कापड विणून झालेले असे.

चार वर्षांत सात पदके आली. शेवटच्या, लिंकनच्या डबीत चिठ्ठी होती. दादाजीने तिकडे दुसरा संसार थाटला होता; वाट पाहू नये, असे लिहिले होते. वहिनी तेव्हा कन्हानला माहेरी होती. मी चिठ्ठी डबीच्या अस्तराखाली चिकटवून टाकली.

पुढच्या वर्षी काहीच आले नाही. ती टपालाच्या वेळी दारात उभी राही, ते मला बघवेना. इतवारीत जुन्या वस्तू विकणारे ताराचंद यांच्याकडून मी तसलेच एक पदक मिळवले, जुन्या विलायती टपालाच्या कागदात गुंडाळले आणि दादाजीकडून आले म्हणून तिच्या हाती दिले. वीस वर्षांत अशी वीस पदके मी जमवली. वहिनी दर दिवाळीला सगळी चिंचेने घासून फळीवर मांडी.

गेल्या चैत्रात मी तिला सर्व कबूल केले. ती तांदूळ निवडत होती. निवडतच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पहिलं पुडकं आणलं, त्याच दिवाळीले डबीचं अस्तर सुटलं अन् ते चिठ्ठी मी वाचली."

मग इतकी वर्षे गप्प का राहिली, असे मी विचारले.

"तुम्ही पुडकं घेऊन येत होते, तवा तुमचं तोंड पाहण्यासारखं राहे. म्हटलं, हे काहून बंद करू?"

ऊन उतरत होते. फळीवरचे पदकांतले म्हातारे एकेक करून उजळले आणि विझले.

सत्तावीस पदके व चिठ्ठी जयवंताबाईची. ठेवावी, वाटावी, मोडीत घालावी.

४. ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे वकील मधुसूदनराव सांगतात. म्हणून जयवंताबाई इथे सही करीत नाही. आत साक्षीदारांसाठी पोहे करते आहे.

५. दादाजी कधी आलाच, तर त्याला दारात ताटकळत ठेवू नये. पाणी द्यावे, जेवू घालावे. घरात घ्यायचे की नाही, हे जयवंता ठरवील. त्या वेळी तिला कोणीही सल्ला देऊ नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: नत्थूजी लक्ष्मणजी निमजे
साक्षीदार: महादेवराव मास्तर; ताराचंद (इतवारी)
नागपूर, २ नोव्हेंबर १९५८