गाडीवरचा नंबर

अहो,

मी परातीत भाकरीचं पीठ मळत होते. एका शेगडीवर मटकी शिजत होती, दुसरीवर मासवडीसाठी तीळ-खोबरं भाजत होतं. तुम्ही अर्ध्या गालाला साबण लावून न्हाणीतून बाहेर आलात, कारण फोन वाजत होता. "उचला की, कवाचा वाजतोय," असं मीच म्हणाले. तुम्ही फोन साबणाच्याच गालाला लावलात आणि म्हणालात, "बोला पाव्हणं." मी हसले. अशा सकाळी आपल्याकडे रोजच्याच होत्या. ही शेवटची, हे कुणी सांगायला नको होतं का?

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आपल्या जेवणाच्या गाडीची वेबसाईट उद्या सुरू होतेय. होय, तीच, जिच्यावर तुम्ही दोन वर्षं हसलात! केडगावची शलोमी ती बनवतेय. मिशनच्या आवारात वाढलेली, नुकतंच कॉलेज झालेली, शब्दाला पक्की पोरगी. ती म्हणाली, "काकी, 'आमच्याबद्दल' असं एक पान असतं. गाडी कुणी सुरू केली, कशी केली, चार ओळी लिहून द्या." मी वही घेतली, पहिल्याच ओळीत तुमचं नाव लिहिलं आणि असा राग आला की चार ओळी राहिल्या बाजूला. आधी तुमच्याशी भांडण पुरं करते.

आठवतंय, मी वेबसाईटचं पहिल्यांदा कधी काढलं? आपण निमोण्याहून गाडी घेऊन एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटकडे निघालो होतो. तुमचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्यात फोन. "चार पिठलं, दोन अंडाकरी, ठेचा बाजूला," असं मोठ्यानं म्हणत होता आणि शेजारी बसून ते मी पाठ करत होते. मी म्हणाले, "लोकांना मोबाईलवरच बटण दाबून मागवता येतं. मी वाचलंय."

"चौथी शिकलीस आन् वेबसाईट काढतीस व्हय?" तुम्ही हसलात. "आगं, माणूस तोंडानं मागतो. आलेला फोन म्हंजी दारात आलेला पाव्हणा. त्याला ताटकळत ठिवायचा न्हाई."

चौथीच शिकले. पण किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी शिरूरच्या वाचनालयापर्यंत पोचले, हे तुम्हाला माहीत होतं. पुस्तकं बदलून तुम्हीच आणायचात. तुम्ही ते गमतीनं म्हणालात. मला ते अजून लागतं.

पाव्हणा, पाव्हणा! पाव्हणा आला तर माणूस उठून दारात जातो. चालत्या मोटारसायकलवर त्याचं स्वागत कोण करतं?

त्या शेवटच्या दिवशी तुम्ही तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून मेथी आणि कांदे घेऊन येत होता. हेल्मेटच्या आत फोन खुपसलेला. पुढे उसाची ट्रॉली वळत होती. ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवला होता, बघणाऱ्यांनी सांगितलं. तुम्हाला तो हात दिसला नाही. तुम्ही भाकऱ्या मोजत होता.

दहाव्याला कंपनीतला एक वेल्डर आला आणि लांबच उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "भाभी, फोन मैंने किया था। भैया बोले, आठ रोटी ना? फिर आवाज़ आई। मैं हॅलो हॅलो करता रहा।" त्याला रडू आवरेना. मी त्याला पाणी दिलं, यात त्याची काही चूक नाही म्हणाले. चूक कुणाची ते तिथे बोलले असते, तर सगळ्यांनी मला वेडी ठरवलं असतं. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणे. का नसतं?

मी स्वतःलाही सोडलेलं नाही. गाडी रंगवताना पेंटरनं विचारलं होतं, फोन नंबर केवढा काढू? तुम्ही म्हणालात, खिडकीखाली हातभर. मी म्हणाले, "या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्यावरून दिसला पाहिजे." पिवळ्या पत्र्यावर लाल आकडे. त्यांना मी हळदीकुंकू वाहिलं होतं!

म्हणून वेबसाईट मी शेजारी बसून करून घेतली. प्रत्येक पदार्थाचा फोटो. मासवडी संपली की तिथे 'संपली' असं दिसणार. ठेचा हवा की नको, ते आधीच विचारणार. शलोमीनं खाली फोनचं गोल हिरवं बटण ठेवलं होतं.

"हे काढ," मी म्हणाले.

"काकी, सगळ्यांच्या साईटवर असतं."

"असू दे. आणि अजून एक कर. गाडी जागेवर उभी राहिली की मी माझ्याकडचं बटण दाबणार. तोवर एकही ऑर्डर लागता कामा नये."

ती म्हणाली, "आधी ऑर्डर देता यावी म्हणून तर साईट करतात. निम्मी गिऱ्हाईकं जातील."

"जाऊ दे. टण् वाजलं की हात फोनकडं जातो. मी बघितलाय तो हात."

मग तिनं लिहिलं, 'गाडी रस्त्यात आहे. पोचल्यावर मागा.'

परवा निघायच्या आधी भावजींना ते दाखवलं. तुमच्या माघारी गाडी तेच चालवतात, तुमचं सिमकार्डही त्यांच्याच फोनमध्ये आहे. ते खवळलेच. "वहिनी, नंबर कुठाय? अख्ख्या एमआयडीसीला पाठ हाय दादाचा नंबर! त्योच काढला तर दादाचं राह्यलं काय?" गाडी सुरू झाली तरी त्यांचं चालूच होतं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्टेअरिंगवरचा एक हात काढला आणि म्हणाले, "बोला पाव्हणं."

तुमचेच शब्द, तोच सूर! मी त्यांच्या कानाचा फोन ओढून घेतला. "गाडी बाजूला घ्या!"

त्यांनी घेतली. "याड लागलंय का वहिनी तुमाला?"

"लागलंय. मागच्या वेळी लागायला उशीर झाला."

त्यांनी माझ्या हातातला फोन परत घेतला, त्यातलं कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "दादा म्हनायचाच, तुमच्याम्होरं बोलून उपेग न्हाई."

असं म्हणायचात ना? मग एकदा तरी ऐकायचं होतंत!

चार ओळी मी लिहीन. त्यात तुमचं नाव पहिलं असेल आणि हा राग नसेल, तो तुमच्या-माझ्यातला आहे. आणि शब्द देते, मी आहे तोवर आपल्या गाडीत चालत्या चाकावर कुणी फोन उचलणार नाही. भावजींच्या बायकोला असं पत्र लिहायची पाळी मी येऊ देणार नाही.

भावजींशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, काल सकाळी, पीठ मळायच्या आधी, मी पिवळ्या रंगाचा डबा उघडला आणि गाडीवरचा नंबर या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून टाकला.

तुमचीच,
मंदा