वसंताची उमेदवारी

१२ जानेवारी १९७१
पुतण्या वसंता आला, केरळातल्या रॉकेट केंद्रावरून. पिशवी खाली ठेवायच्या आधी एकेकाची चौकशी. आईचे गुडघे? बापाचा खोकला? काकूचा डोळा, पट्टी निघाली का? मग गोठ्यात जाऊन गायीची पाठ खाजवून आला. शेवटी मी. "तात्या, कंबर काय म्हणती?" म्हटलं, हाय, जाग्यावर हाय अजून. पोरगं वाळलंय. धाकटा भाऊ नामदेव, त्याचा बाप, नुसता बघत राहिला.

१३ जाने.
विहिरीवर इंजिन पुसत होतो. व. नेही चिंधी घेतली. विचारलं, रॉकेटला हात लावलास का? हसला. "न्हाई तात्या. आमा शिकाऊ उमेदवारांना लांब उभं करत्यात. मी नळ्या धुतो. उडालं की वरच्या वाऱ्याचं गणित मांडत बसतो."
मला माझी नगरची उमेदवारी आठवली. मिस्त्रीकडे रॉकेलमध्ये पिस्टन धुण्यापलीकडे काम नसे. बोटांची सालं निघत. शिकलास असं मिस्त्री कधी म्हणाले नाहीत. एके सकाळी पाना माझ्या हातात ठेवला नि स्वतः चहाला निघून गेले. त्या इंजिनाचा पहिला ठोका... असो. गेले ते दिवस. मिस्त्रीही गेले.

१४ जाने. संक्रांत
गुळाच्या पोळ्या. जेवताना नामदेवानं विषय काढला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा आहे, कायमची. "तिकडं वरसाची उमेदवारी. फुडं मुलाखत. त्यात न्हाई घेतलं तर?" व. म्हणाला, "मुलाखत होऊ द्या, मग बोलू." त्याची आई म्हणाली, "हितं असलास तर डोळ्यापुढं तरी ऱ्हाशील." पोरगं मान खाली घालून पोळीचे तुकडे करत बसलं.

१८ जाने.
व. गेला. कोपरगाव स्टँडवर पोचवला. घर मोठं वाटतंय.

२ फेब्रु.
नामदेवानं घोळ केला. कारखान्यावर जाऊन परस्पर होकार देऊन आला. येताना पेढे. आळीभर वाटले.
"दादा, त्वांड गोड करा."
"पोराला इचारलंस?"
"बापानं सबूद दिल्यावर पोराला काय इचारायचं?"
पेढा गिळवेना. आमच्याकडे पेढे वाटले की ठरलंच. आता माघार म्हणजे नामदेवाला चावडीपुढून जायची चोरी.

११ फेब्रु.
व. चं पत्र. मुलाखत महिनाअखेर. कारखान्यात हजर व्हायचं तेही त्याच आठवड्यात. त्याला यातलं काही ठाऊक नाही. नामदेव म्हणतो, "तुमीच लिवा, दादा. तुमचं ऐकतो त्यो. ये म्हनून लिवा." दिवसभर कशात लक्ष नाही.

१४ फेब्रु.
लिहिलं. पेढ्यांचं सगळं सांगितलं, लपवलं नाही. मुलाखत दे, कारखान्याच्या साहेबांना मी भेटतो, असं लिहिलं. मग नामदेवाला मोठ्यानं वाचून दाखवलं. पायरीवर बसून काडीनं जमीन उकरत होता.
"मला राग आलाय असं लिवू नका."
"आला न्हाई व्हय?"
"लई आलाय. पर त्याला मुलाखतीला बसायचं हाय."
ते लिहिलं नाही. शेवटी इतकंच घातलं: घेतलं तरी, नाही घेतलं तरी, त्याच दिवशी दोन ओळी टाक. उशीर लावू नकोस बाबा. तुझा बाप काही बोलायचा नाही, पण पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो.