दोरा नसलेली शिवण

बारामती
शनिवार, ८ जून १९९६

तीर्थस्वरूप दादास,
सारजाचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळव.

अक्षर बघून दचकू नकोस, मीच लिहितेय. डावा हात प्लास्टरात आहे, कागद सरकतो म्हणून वर वरवंटा ठेवलाय. काखेला कळशी, खांद्यावर ओली धुणी, पायानं दार लोटतेय आणि शेजारच्या केसरबाईंना लोणच्याचं प्रमाण सांगतेय, अशी पायरीवरून घसरून पडले. हे म्हणाले, "चार कामं एकदम काढलीस, आता पाचवं डॉक्टरला लावलंस." तुला माहीतच आहे, एका वेळी एकच काम करणाऱ्या बाईला मी आळशी म्हणायची.

आता एकच हात, म्हणून एकच काम. तांदूळ निवडताना नुसते तांदूळ. चहा पिताना नुसता चहा. पहिले आठ दिवस जीव नकोसा झाला, मग गोडी लागली. दुपारी कालव्याला पाणी असलं की ऊन पाण्यावरून उठून खिडकीतून आत येतं आणि छतावर हलत राहतं. मी आडवी पडून ते बघते. इतकी वर्षं या घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं.

त्या उजेडाखाली पडलं की जुनी माणसं येतात. काल आपले तात्या आले. मेंढरांमागं चालता चालता लोकर कातायचे, आठवतं? पण वाटेत कुणी बोलायला थांबलं की कातायची चाती कमरेला खोचायचे. मी एकदा विचारलं होतं, असं का. म्हणाले, "मानूस बोलतंय न्हवं? लोकर कुठं पळून जातीय?" मेंढरं पुढं गेली, तात्या मात्र तिथंच उभे राहिले, आणि मग छतावर नुसता उजेड राहिला.

परवा तुमच्या कळंबचा दादासो ट्रॅक्टरचा पार्ट न्यायला आला होता. त्याच्याकडून कळलं, येत्या गुरुवारी तुझ्या मनिषाला बघायला पाहुणे येणार आणि पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडणार. पोरीला अजून सतरा पुरी नाहीत. हे कळल्यापासून छताकडे बघितलं की तुझाच आवाज येतो.

गेल्या जूनमधला. तू दारातच बसला होतास, मी शिलाई मशीनवर होते, आत कुकर, वर रेडिओ. तू म्हणालास, "सारजे, मनिषा पास झाली. सायन्सला जायचं म्हनतीय. दोन वर्सं तुझ्याकडं ठिवशील का? रोज यष्टीनं पोरगी दमून जाईल." मी "हं" म्हटलं. तू थोडा वेळ थांबलास, पाणी प्यालास आणि गेलास. मी काही कळवलं नाही, प्रवेशाची तारीख गेली, पोर घरी बसली. भाऊबीजेला तू आला नाहीस. वहिनीला मी निरोप धाडला, की मशीनच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही. सगळ्यांनी ते खरं मानलं. सारजा कामात असते हे गावाला माहीत आहे.

काल शिवणाचं गाठोडं सोडलं तर त्या दिवशीचा ब्लाऊज निघाला. बाहीवर सुईची भोकं एका ओळीत आहेत, शिवण नाही. वरचा दोरा ओढला तर सगळाच हातात आला. खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी होती, दादा. तू बोलायला लागलास तेव्हाच ती संपली, आणि ते मला कळलं होतं. तरी मी पाय हलवत राहिले. मशीन थांबलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं.

पोरगा पुण्याला गेल्यावर बावीस वर्षांत पहिल्यांदा मला एक खिडकी मिळाली होती. मशीन तिथं लावलं होतं. मनिषा आली असती तर ती जागा तिला द्यावी लागली असती. एवढंच कारण, आणि ते सांगायची मला लाज वाटली. अजूनही वाटतेय.

आज यांच्याकडून मशीन स्वयंपाकघरात हलवून घेतलं. खिडकीशी टेबल मांडलंय. यंदाचे प्रवेश अजून व्हायचे आहेत. पाहुण्यांना हो म्हणण्याआधी मनिषाला एकदा विचार, आणि ती म्हणाली तर घेऊन ये. नाही म्हणाली, किंवा तूच नाही म्हणालास, तर तेही इथं येऊन माझ्या तोंडावर सांग. चार शब्द वाईट बोलायचे असतील तर तेही बोल. मशीनचा पट्टा मी उतरवून ठेवलाय.

त्या दिवशी तुझा शब्द न् शब्द ऐकलेली,
सारजा