पोत्यातले हात

आई, काल दुपारी इथं माझ्या सासरच्या गावी, वरशाला, टीव्हीवर एक बाई रडत होती आणि आम्ही तिघी चहा पीत ते बघत होतो. परदेशातला कार्यक्रम, हिंदीत केलेला. कुणाचं तरी घर सामानानं छतापर्यंत भरलेलं असतं. मग कॅमेरेवाले येतात, ट्रक भरभरून सगळं बाहेर काढतात आणि शेवटी घर लख्ख. शेजारीण म्हणाली, "शी गो, घर हाय का उकिरडा? बाईला काय लाज?" तुझी नात त्याच कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मोबाइलवरून वाचून दाखवत होती. एकानं लिहिलं होतं, काडी लावा. बाकीच्यांनी नुसतीच हसणारी तोंडं टाकलेली. शेवटी ती बाई मोकळ्या खोलीत उभी राहून हुंदके द्यायला लागली, तर शेजारीण म्हणते, "आनंद झालाय बिचारीला." मी कप उचलून आत गेले. आनंद झालेलं माणूस रिकाम्या कोपऱ्याकडे तसं बघत नाही.

जोहे गावातल्या आपल्या दोन खोल्यांत तू काय म्हणून जमवलं नव्हतंस! रंगाचे रिकामे डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, सुतळीचे गुंडे, बंद पडलेली तीन घड्याळं. मला बघायला पाहुणे यायचे होते तर मावशीकडे पेणला बसवावे लागले. मला तुझी लाज वाटायची, आता उघडच लिहिते. आणि कोपऱ्यात ते पोतं, गणपतीच्या हातांचं. कारखान्यात तू जन्मभर मूर्तींचे डोळे आखलेस आणि घरी येताना साच्यातून जास्तीचा निघालेला एखादा हात पदरात घेऊन यायचीस. मी ओरडले की म्हणायचीस, "टाकू नको गो. लागतो कधीतरी." आणि लागायचाच की! चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीत धक्का बसून कुणाच्या तरी मूर्तीचा हात निखळायचा आणि ते लोक घाबरेघुबरे आपल्या दारात. तू पोत्यात कोपरापर्यंत हात घालून नेमका मापाचा हात काढायचीस, बसवून रंग मारायचीस. सांधा शोधून सापडायचा नाही.

मग तू घसरलीस, मांडीचं हाड मोडलं, पंधरा दिवस दवाखान्यात. दादा म्हणाला, हीच वेळ आहे. तो, वहिनी आणि मी, तिघांनी टेम्पो लावून दोन दिवसांत घर रिकामं केलं, भिंतींना चुना मारला. पोत्यापाशी मात्र सगळेच थबकलो. देवाचे हात कचऱ्यात कसे टाकायचे? म्हणून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नदीवर नेऊन रीतसर विसर्जन केलं. केवढं पुण्य केल्यासारखं वाटलं आम्हाला! दादानं व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात माणूस कुणी दिसत नाही. पोतं उलटं होतं, ते पांढरे हात एकावर एक पाण्यात पडतात आणि एक बाई खदखदून हसत ओरडते, "पुढच्या वर्षी लवकर या!" खाली सगळ्या नातेवाइकांची हसणारी तोंडं. 'सुटली म्हातारी.' 'आता तरी घर दिसेल.'

तू कुबडी टेकत आलीस आणि उंबऱ्यातच थांबलीस. ओरडशील असं वाटलं होतं. तू एवढंच विचारलंस, "हात कुठं हायत गो?" दादानं मोठ्या कौतुकानं विसर्जनाचं सांगितलं. तू त्याला म्हणालीस, "ज्यात प्राण घातलेच नाय, त्याचं विसर्जन करतात व्हय?" त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गडब गावची एक बाई निखळलेल्या हाताची मूर्ती घेऊन आली. तू सवयीनं उठून कोपऱ्यापर्यंत गेलीस. चुना मारलेल्या भिंतीला हात लावून उभी राहिलीस आणि मग तिला म्हणालीस, "आता माझ्याकडं काय नाय." त्यानंतर त्या घरात तू पाहुण्यासारखी राहिलीस. पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यायचीस. दिवाळीच्या आत गेलीस. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दहा वर्षं मी स्वतःला तेच सांगतेय आणि त्यानं काही भागत नाही.

जायच्या आठवडाभर आधी तू तो व्हिडिओ मागितलास. तीनदा बघितलास. मग विचारलंस, "हसतंय कोण गो ती?" मी म्हटलं, वहिनी. तू मान हलवलीस. पुढं वहिनीच्या हातचा घोटसुद्धा तू घेतला नाहीस. ती पेला घेऊन आली की तोंड फिरवायचीस आणि माझ्या हातून प्यायचीस. ती दाराआड उभी राहून रडायची. आपलं काय चुकलं, ते तिला अजून माहीत नाही.

हा कागद नदीत सोडावा असं आधी मनात आलं होतं. नको. घडी करून डब्यात ठेवते. आई, हसत होते ती मी.