चंद्रीच्या कोठ्याचं दार

३ मे
मोबाईलवर ४५ अंश. अंगणात किती, ते मोबाईलला विचारायची सोय नाही. उन्हात ठेवला की तोच बंद पडतो.
जनावरं जपायच्या आमच्या गटाची सभा. चौदा बाया. ठराव माझा: दु. १२ ते ४ कोणाचंही जनावर उन्हात बांधायचं नाही, समोर पाणी, टिनाच्या छतावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा थर. सगळ्यांचे हात वर. शोभाकाकूंचे दोन्ही वर. एक त्यांचा, एक बकऱ्यांचा म्हणे. मग त्यांनीच विचारलं, "आन माणसाले सावलीत कोन बांधन?"
मी म्हटलं, "त्याले दावं नाही, काकू. त्यानं आपल्या पायानं यावं."
टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत चालण्यात ऐट होती.

४ मे
ऐट उतरली. आपलाच गुरांचा कोठा पाहिला. टिनाचं छत, चारी बाजूंनी विटांची भिंत, एक दार. भाकरी भाजावी असा. आत आमची म्हैस चंद्री, गाभण, दिवस भरत आलेले.
मागच्या मेमध्ये याच कोठ्यात तिचं दोन दिवसांचं पारडू उष्म्यानं गेलं. मी आणि सासूबाई अकोल्याला लग्नाला गेलो होतो. निघताना कुत्रं शिरेल म्हणून दार मी लावलं. परत आलो तर हे अंगणात बसलेले. "गेलं," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी विचारलं दार कोणी लावलं, तर म्हणाले, "म्याच लावलं आसन."
विसराळू माणूस. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. खरंच वाटलं असेल त्यांना. मी ते तसंच राहू दिलं. गावाला वाटतं सुनंदाला मुक्या जनावराची फार माया. माया आहेच. पण हा गट उभा राहिला तो त्या दारापायी, हे या वहीशिवाय कोणाला माहीत नाही.

७ मे
जुन्या साड्या जोडून सावल्या टांगल्या. गाव लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय. शोभाकाकूंच्या बकऱ्या पैठणीखाली. काका संतापले, "हे त मी घेतली होती तुले!" काकू म्हणाल्या, "म्हून त बकऱ्याले देली."

९ मे
घरातला कूलर कोठ्यात नेला. वाळ्याच्या ताट्या नव्या लावल्या.
हे: "कूलर म्हशीले? आन मी?"
"तुमी गाभण हात का?"
सासूबाई इतक्या हसल्या की कवळी पदरात धरावी लागली. हे पंचा ओला करून डोक्यावर घेऊन बाहेर गेले. जेवणाला आले, पण वरण वाढून घेतलं नाही. यांचा राग वरणावरच निघतो.

१३ मे
चंद्री चारा नीट खाते. हे रोज दुपारी गायब. "पारावर जातो," म्हणतात. पारावर या उन्हात कुत्रं बसत नाही.
राग ओसरला वाटतं. वरण दोनदा घेतलं.

१६ मे
नाक कापलं गेलं.
गुरांच्या डॉक्टर मॅडम बडनेऱ्याहून आल्या. गटातल्या सगळ्या बाया बरोबर, आमचा 'आदर्श कोठा' पाहायला. मीच बोलावलं होतं. दार आतून बंद. ठोकलं. पुन्हा ठोकलं. उघडलं तर हे. बनियनवर, गालावर उशीचे वळ. आत खाट. कूलरचं तोंड खाटेकडे. चंद्री कोपऱ्यात जीभ बाहेर काढून धापा टाकतेय, भिंती घामेजलेल्या.
गावात कोणी पाहू नये म्हणून आठ दिवस रोज दार लावून झोपत होते!
डॉ. मॅ.: "दमट हवा कोंडली. घरात कूलर लावता तेव्हा खिडकी उघडी ठेवता ना? मग हिची खिडकी कुठाय?"
चंद्रीला बाहेर निंबाखाली काढलं, पाणी मारलं. तासाभरानं श्वास जागेवर आला. मी मात्र थांबले नाही. सगळ्यांसमोर बोलले, "दार लावू नये एवढं साधं समजत नाही तुमाले?"
सासूबाईंनी भर घातली, "मांगच्या साली बी यानंच."
हे माझ्याकडे पाहत होते. मग खाट उचलून बाहेर नेली. मागच्या सालचं दार माझं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. भयंकर लाज वाटतेय.

१७ मे
डॉ. मॅ.नी सांगितलंय: कूलर घरी न्या, उत्तरेची भिंत पाडा, वारा खेळू द्या. नाहीतर या पारड्याचंही खरं नाही.
ती भिंत यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली. आयुष्यात एकच भिंत बांधली, पण ओळंब्यात सरळ आहे म्हणून आल्यागेल्याला दाखवतात.
"भिंत नाही पडनार. तुया ठरावात माया भिंतीचं नाव नाही."
खरंच नाही. सभेत घालून घ्यावं का?

१९ मे
शोभाकाकू पाच बाया आणि एक लोखंडी सब्बल घेऊन आल्या. हे भिंतीला पाठ लावून उभे. काकूंनी सब्बल उचलली.
"अवो, तशी नाही! ईट फुटन ना!" म्हणत यांनी ती हिसकली आणि स्वतःच सुरू झाले. एकेक वीट सुटी करून, पुसून, रचून. आम्ही पाणी देत होतो. पारावरचे चार जण बघायला आले, सल्ले देऊन गेले. संध्याकाळी भिंत नव्हती. चंद्री वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.
हे जेवले नाहीत. वरण वाढलेलं तसंच.

२४ मे, स. १०
डॉ. मॅ. येईपर्यंत हाताला काम नाही म्हणून लिहितेय. चंद्री सकाळपासून उठते-बसते. पाणमोट फुटली, पण पारडू सरकत नाही. मॅडम रेल्वे फाटकात अडकल्यात. फोनवर मालगाडीच ऐकू येते.
हे चंद्रीच्या मानेवर ओली पोती टाकून बसलेत. तिच्या कानात काहीबाही सांगतात. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या कानात कधी काही सांगितलं नाही.
मघाशी म्हणाले, "यावेळी बी काही झालं, त मायंच नाव सांगजो आईले."
"तुमचं काहून? मांगच्या साली दार म्या लावलं होतं." निघूनच गेलं तोंडातून.
हे तिची मान चोळत राहिले. "माहीत हाये. मी वावरात गेलो तवा उघडंच होतं ना."
वर्षभर आईची बोलणी खाल्ली. आठ दिवसांमागे चौदा बायांसमोर माझीही.
"मंग बोलले काहून नाही?"
"पारडू गेलं तवा तू चार दिवस जेवली नव्हती."
मला रडू फुटलं. त्यांनी बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं. आता यांचं कोणतं दाखवणं खरं मानायचं?
शोभाकाकू हाक मारतात. एक खूर दिसतोय म्हणे. दुसरा अजून नाही; दोन्ही बरोबर यायला हवेत. जाते.